नवं डंजन मास्टर्स गाईड: शत्रूचं वजन पुस्तक सांगतं, पार्टीचा थकवा तुम्ही मोजायचा

तिसऱ्या लेव्हलची पाच कॅरेक्टर्स. समोर एक ओगर, एक गॉब्लिन बॉस आणि सहा गॉब्लिन वॉरियर. ही फाईट किती अवघड? डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या रोल-प्ले खेळाच्या २०१४ च्या गाईडला विचारलं तर उत्तर येतं ‘डेडली’, आणि तेही काठावरचं नाही, चांगलं ओलांडून पुढे गेलेलं. २०२४ च्या गाईडला विचारलं तर ‘लो’च्या जरा वर, ‘मॉडरेट’च्या खाली. राक्षस तेच, पार्टी (खेळाडूंच्या कॅरेक्टर्सचा गट) तीच, आणि दोन पुस्तकांची उत्तरं दोन टोकांची.

नागपुरात रविवारी टेबल मांडणाऱ्या डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) यातलं कोणतं उत्तर धरायचं, एवढ्याच प्रश्नासाठी हे परीक्षण आहे. नव्या गाईडची ३८४ पानं आहेत. त्यात ग्रेहॉकची दुनिया आहे, बास्टियन (कॅरेक्टर्सचा स्वतःचा तळ) बांधायचे नियम आहेत, खजिन्याचे तक्ते आहेत, चित्रं सुरेख आहेत. त्या सगळ्याबद्दल इथे काही नाही. चौथ्या प्रकरणात फाईट बसवायचा जो मोजक्या पानांचा भाग आहे तेवढाच इथे घासूनपुसून बघितलाय, कारण टेबल रंगतं किंवा बिनसतं ते बहुतेक वेळा याच पानांमुळे.

नव्या पुस्तकाची रीत सरळ आहे. लेव्हलप्रमाणे दर कॅरेक्टरमागे एक्सपीचं (अनुभवाचे गुण; राक्षस जितका जड तितके जास्त) बजेट दिलंय आणि त्याच्या तीन पायऱ्या आहेत: लो, मॉडरेट, हाय. पहिल्या लेव्हलला ५०, ७५, १००. तिसऱ्याला १५०, २२५, ४००. पाचव्याला ५००, ७५०, ११००. आपल्या लेव्हलचा आकडा घ्यायचा, खेळाडूंच्या संख्येने गुणायचा आणि त्या रकमेत राक्षस ‘विकत’ घ्यायचे. वरच्या पाच जणांना लो ७५०, मॉडरेट ११२५, हाय २०००. ओगरचे ४५०, बॉसचे २००, सहा गॉब्लिनचे प्रत्येकी ५० प्रमाणे ३००. बेरीज ९५०. हिशेब संपला.

जुन्या पुस्तकात याच बेरजेवर आणखी एक गुणाकार होता. राक्षस दोन असले तर दीडपट, तीन ते सहा असले तर दुप्पट, सात ते दहा अडीचपट, अकरा ते चौदा तिप्पट, पंधरा आणि वर चौपट. पार्टीत तिघांपेक्षा कमी किंवा सहा आणि त्याहून जास्त जण असले तर गुणक एक पायरी वर किंवा खाली. आपल्या फाईटमध्ये राक्षस आठ, म्हणून ९५० गुणिले अडीच म्हणजे २३७५. डेडलीचा उंबरठा तिसऱ्या लेव्हलला माणशी ४००, पाच जणांचा २०००. म्हणून डेडली.

हा गुणाकार काढून टाकला ते एका अर्थी बरंच झालं. सहा राक्षसांच्या फाईटमध्ये सातवा म्हणून १० एक्सपीचा एक उंदीर टाकला की गुणक दोनवरून अडीचवर जायचा आणि सगळी बेरीज पाव हिश्शाने फुगायची. ‘अगदी किरकोळ राक्षस मोजू नका’ असा सल्ला तिथेच होता, पण किरकोळ म्हणजे किती किरकोळ, ते डीएमने ठरवायचं. नव्या रीतीत असली कटकट नाही, पाच मिनिटांत फाईट उभी राहते. मात्र गुणाकार ज्या गोष्टीसाठी होता ती गोष्ट पुस्तकातून गेली म्हणून टेबलावरून जात नाही. समोर जितकी तोंडं जास्त तितके त्यांचे टर्न जास्त.

दोन्ही पुस्तकं मिटून साधा भागाकार करून बघा: एका बाजूचे एकूण एचपी (जीव किती उरलाय त्याचे गुण) भागिले समोरून दर राउंडला बसणारा मार. राउंड म्हणजे सगळ्यांचा एकेक टर्न. फायटर २८ एचपी, रेंजर २८, क्लेरिक २४, बार्ड २४, विझार्ड २०. कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) बोनस सगळ्यांचा +२ धरलाय. एकूण १२४. एसी, म्हणजे हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा, सरासरी १६ धरू. ओगरचा हल्ला +६, म्हणजे डी२० (वीस बाजूंचा फासा) वर दहा किंवा वर पडलं की लागला, ५५ टक्के; नुकसान सरासरी १३; दर राउंडला सात. गॉब्लिनचा +४, त्याला बारा किंवा वर लागतात, ४५ टक्के, नुकसान ५, एकाचे सव्वादोन, सहा जणांचे साडेतेरा. बॉस दोनदा मारतो, त्याचे साडेचार. मिळून दर राउंडला २५. आता १२४ ला २५ ने भागा: पार्टी पाच राउंड टिकते.

दुसरी बाजू. नव्या मॉन्स्टर मॅन्युअलप्रमाणे (राक्षसांचं पुस्तक) ओगर ६८, बॉस २१, गॉब्लिन १० प्रमाणे ६०. एकूण १४९. पार्टीतला प्रत्येक जण नुसता साधा हल्ला करतो, ६० टक्के वेळा लागतो आणि ९ नुकसान होतं असं धरलं तर पाच जणांचे २७. १४९ ला २७ ने भागलं की साडेपाच राउंड.

म्हणजे ही नाणेफेक आहे. मॉडरेटच्या खालची फाईट अशी नसते.

आता विझार्डकडे दुसऱ्या लेव्हलचे दोन्ही स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी) शिल्लक आहेत असं समजा. शॅटर या मंत्राची त्रिज्या १० फूट, नुकसान ३डी८ (आठ बाजूंचे तीन फासे), सरासरी साडेतेरा. त्यात तीन गॉब्लिन सापडले. डीसी १३ ची कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (वाचायला डी२० वर बोनस धरून १३ गाठायचे), गॉब्लिनचा बोनस शून्य, म्हणजे दहातले सहा नापास. आणि नापास झालेल्यांतले बहुतेक मरतात, कारण ३डी८ वर दहा किंवा वर पडण्याची शक्यता ८४ टक्के. एका शॅटरमागे सरासरी दीड गॉब्लिन, दोन शॅटरमागे तीन. समोरून येणारा मार २५ वरून १८ वर उतरला. पार्टी आता पाचऐवजी सात राउंड टिकते, आणि क्लेरिकचं क्युअर वूंड्स (जखमा भरायचा मंत्र) अजून हिशेबात घेतलेलंच नाही. २०२४ च्या नियमांत ते १डी८ चं २डी८ झालंय, +३ धरून एका वेळी सरासरी १२ एचपी परत. फाईट खरोखरच मॉडरेटच्या आसपास येऊन बसते.

सगळी गोम इथे आहे. नव्या गाईडचं उत्तर ताज्यातवान्या पार्टीसाठी बरोबर आहे. स्लॉट संपलेली, दोन लढती करून आलेली पार्टी त्याच दारातून आत गेली तर जुन्या गाईडचं उत्तर खरं ठरतं. आणि पार्टी किती थकलेली असावी, याचा तक्ताच नव्या पुस्तकातून काढून टाकलाय. २०१४ च्या पुस्तकात तो होता: एका दिवसात, म्हणजे दोन लाँग रेस्टच्या (आठ तासांची विश्रांती) मध्ये, सहा ते आठ मीडियम किंवा हार्ड लढती, मधे दोनेक शॉर्ट रेस्ट, पाचव्या लेव्हलला माणशी ३५०० एक्सपी, गुणक धरून. चार जणांचे १४,०००. नव्या तक्त्यात त्याच चौघांची ‘हाय’ फाईट ४४०० ची, म्हणजे जुन्या हिशेबाने एका दिवसाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही.

सहा ते आठ लढतींचा दिवस कुणीच खेळत नव्हतं, हे मान्य. पण तो आकडा डीएमला एक गोष्ट न बोलता शिकवायचा: राक्षसांचं वजन हे दिवसभराच्या ओझ्याचा एक भाग आहे. आकडा चुकीचा होता तर बदलायचा होता. काढून टाकल्यामुळे नवीन डीएम प्रत्येक फाईट सुटी मोजतो, आणि फसतो.

आपल्याकडे तर हे फार जाणवतं. नागपुरातलं टेबल साधारण रविवारी दुपारी बसतं, चारेक तास चालतं, मधे तर्री पोहे किंवा चहा होतो, आणि पाच जणांच्या पार्टीत एका बैठकीत एक मोठी किंवा दोन लहान फाईट्स उरकतात. मे महिन्यात बैठक संध्याकाळवर ढकलली की एकच. अशा टेबलावर खेळाडूंची सवय ठरलेली: “भाऊ, आधी झोपून घेऊ न, मंग जाऊ आत.” आठ तासांचा लाँग रेस्ट, सगळे एचपी परत, सगळे स्लॉट परत, २०२४ च्या नियमांत सगळे हिट डाइससुद्धा (शॉर्ट रेस्टमध्ये एचपी भरायचे फासे) परत. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे नऊ स्लॉट असतात: पहिल्या लेव्हलचे चार, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन. फाईट चालते तीन ते पाच राउंड. नऊ स्लॉट त्यात संपतच नाहीत, म्हणून तो पहिल्याच दोन टर्नमध्ये दोन फायरबॉल टाकतो, ८डी६ चे सरासरी २८-२८, आणि आठवडाभर रंगवलेली ‘हाय’ फाईट पोहे यायच्या आत संपते. डीएमला वाटतं राक्षस कमी पडले. पुढच्या रविवारी तो दुप्पट आणतो, आणि तेव्हा पार्टी नेमकी दमलेली असते.

यावर दोन मार्ग आहेत. दुसरा जास्त चांगला.

पहिला म्हणजे एकाच फाईटचा दिवस असेल तर ‘हाय’ हीच सुरुवात धरायची आणि पाचव्या लेव्हलपासून पुढे त्यावर पाव ते निम्मा भर घालायचा. चौघांच्या पाचव्या लेव्हलच्या पार्टीला ४४०० च्या जागी ५५०० ते ६६००. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला हे अजिबात करू नका, का ते पुढे येईलच. या मार्गाचा तोटा असा की फायटरसारखी, दर टर्नला सारखंच मारणारी कॅरेक्टर्स मागे पडतात. सगळा स्फोट एकाच फाईटमध्ये करणाऱ्यांची चंगळ होते.

दुसरा मार्ग: रविवारी खेळ थांबला म्हणून कॅरेक्टर्स झोपली असं होत नाही. एक लाँग रेस्ट तीन बैठकांना पुरवा. बैठक संपताना प्रत्येकाने एका कार्डावर उरलेले एचपी, उरलेले स्लॉट, उरलेले हिट डाइस आणि वापरून झालेल्या क्षमता लिहून कार्ड डीएमकडे द्यायचं. कॅरेक्टर शीटवरच लिहिलं तर पंधरा दिवसांत खोडलं जातं आणि खेळाडू अगदी प्रामाणिकपणे भरल्या एचपीने परत येतो. ही चूक इतकी सर्रास होते की कार्डाला पर्याय नाही. शॉर्ट रेस्ट चहापोह्यांच्या वेळी ठेवला तर खेळही तुटत नाही. आणि गोष्टीत घाई हवी: ओलीस ठेवलेला माणूस, चढतं पाणी, पहाटे निघणारा तांडा. नुसतं “झोपता येणार नाही” म्हटलं की वाद होतो. “झोपा, पण सकाळी तांडा गेलेला असेल” म्हटलं की पार्टी स्वतःच ठरवते.

असं केलंत तर नव्या गाईडचे आकडे जसेच्या तसे वापरता येतात. तीन बैठकांमध्ये एक लो, दोन मॉडरेट आणि शेवटी एक हाय ही मांडणी पाचव्या ते दहाव्या लेव्हलपर्यंत छान चालते.

आता पहिल्या लेव्हलबद्दल, कारण नव्या पुस्तकाची सर्वांत धोक्याची जागा तीच आहे. चार जण, पहिली लेव्हल, हाय बजेट ४००. आठ गॉब्लिन वॉरियर नेमके ४०० चे. पुस्तकात एक इशारा आहे: दर कॅरेक्टरमागे दोनपेक्षा जास्त राक्षस असतील तर पटकन मरणारे घ्या, आणि पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला हे विशेष पाळा. आठ भागिले चार म्हणजे बरोबर दोन. दोनपेक्षा जास्त नाहीत, म्हणून इशारा लागूच होत नाही. भागाकार करा: फायटर १२, क्लेरिक १०, बार्ड १०, विझार्ड ८, मिळून ४० एचपी. आठ गॉब्लिनचा मार राउंडला १८. दोन राउंड आणि थोडं वर. गॉब्लिनचे एकूण ८० एचपी आणि पार्टीचा मार १६ च्या आसपास, म्हणजे पाच राउंड. ‘हाय’ची पुस्तकातली व्याख्या एक किंवा जास्त जीव जाऊ शकतील अशी आहे. इथे अख्खी पार्टी जाते. जुन्या गाईडने याच फाईटला १००० एक्सपी धरलं असतं, डेडलीच्या अडीचपट, आणि ते खरं ठरलं असतं.

पहिल्या लेव्हलला चार जणांपुढे चार गॉब्लिन वॉरियर आणा. नव्या तक्त्यात ती फाईट ‘लो’ दिसते. तरी भागाकारात पार्टी साडेचार राउंड टिकते आणि गॉब्लिन अडीच, म्हणजे खेळाडूंना घाम फुटतो आणि पार्टी वाचते. गर्दी हवीच असेल तर २५ एक्सपीचे गॉब्लिन मिनियन मिसळा. दबा धरून बसलेल्या टोळीबाबत मात्र नवे नियम सौम्य झालेत: पूर्वी बेसावध माणसाचा अख्खा टर्न जायचा, आता फक्त इनिशिएटिव्हच्या (टर्नचा क्रम ठरवणाऱ्या) रोलवर डिसॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा. पहिल्या लेव्हलचे कितीतरी जीव या एका बदलाने वाचतील.

एकट्या मोठ्या राक्षसाचा धोका वेगळा असतो. ओगरचे ४५० एक्सपी पहिल्या लेव्हलच्या चौघांच्या ‘हाय’मध्येही बसत नाहीत, आणि पुस्तक स्पष्ट सांगतं की पार्टीच्या लेव्हलहून जास्त सीआरचा (सीआर म्हणजे राक्षसाच्या ताकदीचा आकडा) राक्षस एका फटक्यात कुणालाही आडवा करू शकतो. किती, ते बघा. विझार्डचे ८ एचपी. ओगरचं नुकसान २डी८ अधिक ४. फटक्यात १६ किंवा वर गेले तर उरलेलं नुकसान त्याच्या कमाल एचपीइतकं होतं, म्हणजे डेथ सेव्हसुद्धा (मरता मरता वाचायची संधी) नाही, जागीच मरण. २डी८ वर बारा किंवा वर पडण्याची शक्यता ६४ मध्ये १५. लागलेल्या दर चार फटक्यांमागे जवळपास एक. दुसऱ्या लेव्हलला विझार्डचे १४ होतात आणि तो फटका बेशुद्ध करतो, ४४ टक्के वेळा, पण साध्या फटक्याने जागीच मारत नाही. एका लेव्हलने एवढा फरक पडतो. त्यामुळे ओगर आणायचाच असेल तर दुसऱ्या लेव्हलपर्यंत थांबा. तिथे तो लो आणि मॉडरेटच्या मधे बसतो आणि चार जण मिळून त्याला तीन राउंडमध्ये पाडतात.

काही राक्षस मात्र कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाहीत, कारण त्यांचा खरा धोका एचपीच्या नुकसानात नसतो. शॅडोचं उदाहरण पुरेसं आहे. सीआर अर्धा, १०० एक्सपी. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांपुढे सहा शॅडो म्हणजे ६०० एक्सपी, नव्या तक्त्यात ‘लो’. पण शॅडोचा दर फटका स्ट्रेंग्थ १डी४ ने कमी करतो आणि स्ट्रेंग्थ शून्य झाली की कॅरेक्टर मेलं, एचपी कितीही असोत. विझार्डची स्ट्रेंग्थ आठ असते. चार फटके खूप झाले, वाईट पडले तर दोनच. एक्सपी बघून राक्षस निवडला की त्याच्या वर्णनात तीन गोष्टी शोधायच्या: एचपी सोडून दुसरंच काही कमी करतो का, टर्न हिरावून घेतो का, आणि पार्टीकडे जे नुकसान आहे त्याला त्याचा रेझिस्टन्स (निम्मंच लागणं) आहे का. यातलं एक जरी ‘हो’ आलं तर बजेटची एक पायरी वरची धरा. ही यादी गाईडमध्ये ठळक छापायला हवी होती.

खेळाडूंची संख्या हा दुसरा कच्चा दुवा. नवं बजेट सरळ गुणाकाराने वाढतं: सहा जणांचं बजेट चार जणांच्या दीडपट. पण दीडपट माणसं दीडपट मारतात आणि शिवाय दीडपट वेळ टिकतात, म्हणून ताकद दीडपटीच्या दीडपट, सव्वादोनपट होते. लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ मध्ये सैन्यांच्या बाबतीत हाच वर्गाचा नियम मांडला होता. टेबलावर तो तंतोतंत लागू पडत नाही, दिशा मात्र बरोबर दाखवतो. सहा खेळाडूंना पुस्तकातलं ‘हाय’ हलकं जातं, तिघांना ‘मॉडरेट’सुद्धा जड. तिघांसाठी एक पायरी खालचा आकडा घ्या. सहा जणांसाठी राक्षस वाढवण्यापेक्षा दोन ठिकाणांहून आणा, म्हणजे पार्टी विभागली जाते.

आणि रविवारी पाचातला एक जण आला नाही तर? एकट्या दणकट राक्षसावर उभी केलेली फाईट ऐन वेळी कापता येत नाही. मोठा एक आणि लहान पाच-सहा अशी असेल तर येते. तिसऱ्या लेव्हलला एका माणसाचा मॉडरेट वाटा २२५, म्हणजे चार गॉब्लिन काढले की हिशेब जवळपास जुळला. फाईटचा साधारण पाचवा हिस्सा असा सुटा ठेवायची सवय लावून घ्या.

जागेबद्दल पुस्तक बोलतं, पण आकडा देत नाही. नागपूरकराला हे समजवायला लांब जावं लागत नाही. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेपुढे संख्येने कितीतरी लहान होती आणि तरी टिकली, कारण उंची तिच्याकडे होती. धाकटी टेकडी हातची गेली तेव्हा थोरलीवरही मारा सुरू झाला आणि तुकडी मेटाकुटीला आली. कितीजण समोर आहेत यापेक्षा एका वेळी कितीजणांना मारता येतं, हे जागा ठरवते. वरच्या आठ राक्षसांची तीच फाईट रामटेकला अंबाळ्याकडून गडावर चढणाऱ्या पायऱ्यांसारख्या चढणीवर लावा. पार्टी वर, राक्षस खाली, वाट दोन माणसांची. राउंडला २५ चा मार कमी होतो, कारण ओगर आणि एक गॉब्लिनच पोचतात, आणि मागच्यांच्या बाणांना पुढचेच आडवे येऊन पार्टीला हाफ कव्हरचे (अर्ध्या आडोशाचे) +२ एसी मिळतात. आता पार्टीला खाली ठेवा, चार गॉब्लिन धनुष्यं घेऊन कठड्यामागे वर. कठड्याने त्यांचा एसी १५ चा थ्री-क्वार्टर कव्हरने २० होतो, आणि +५ ने मारणाऱ्या पार्टीचे ५५ टक्के ३० वर येतात. बजेट दोन्हीकडे ९५०. नकाशा काढून झाल्याशिवाय भागाकार करू नका.

फाईट चालू असताना चुकलेलं माप सावरायला नवं मॉन्स्टर मॅन्युअल जास्त कामी येतं. तिथे एचपीच्या शेजारी डाइस छापलेले असतात. ओगर ८डी१० अधिक २४, म्हणजे ३२ पासून १०४ पर्यंतचा कुठलाही ओगर नियमात बसतो, ६८ ही फक्त सरासरी. गॉब्लिन ३डी६, तीन ते अठरा. फाईट सुरू होण्याआधी ‘हा म्हातारा ओगर, ४५’ असं ठरवून टाका. मधेच एचपी वाढवू नका, खेळाडूंना ते कळतं आणि मग कुठल्याच विजयावर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यापेक्षा राक्षस लाटांनी आणा: तीन गॉब्लिन आणि बॉस आधी, ओगर आणि उरलेले तीन तिसऱ्या राउंडला. पार्टी अडचणीत असेल तर दुसरी लाट एक राउंड उशिरा येते. शंका कुणालाच येत नाही, कारण ती कधी येणार होती हे कुणालाच माहीत नव्हतं.

तुलना करायची तर पाथफाइंडर या याच जातीच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीशी करावी लागते. तिथे सगळं पार्टीच्या लेव्हलच्या तुलनेत मोजतात: बरोबरीचा राक्षस ४० एक्सपी, एक लेव्हल वरचा ६०, दोन वरचा ८०, तीन वरचा १२०. चार जणांना मॉडरेट ८०, सिव्हियर १२०, एक्स्ट्रीम १६०. पाचवा खेळाडू आला तर मॉडरेटमध्ये २०, सिव्हियरमध्ये ३० वाढवा. तक्ता एकच, पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत. तो इतका चोख चालतो कारण तिथे दहा मिनिटांत जखमा बांधून पार्टी जवळजवळ भरल्या एचपीने पुढच्या फाईटला जाते. थकव्याचा प्रश्न त्यांनी नियमांतच बराचसा मिटवला. रविवारी एकच फाईट खेळणाऱ्या टेबलाला हे माप जास्त सोयीचं आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. किंमतही मोजावी लागते: डीसी दहाने ओलांडला की क्रिट, म्हणजे दुप्पट नुकसान, त्यामुळे दोन-तीन लेव्हल वरचा एकटा राक्षस सारखा क्रिट मारतो आणि पार्टीचे हल्ले वाया जातात. नव्या खेळाडूंना हे फार जाचतं. त्यांच्यासाठी दोन बरोबरीचे राक्षस त्याच ८० एक्सपीत घ्या.

खरेदीचं. गाईडची छापील किंमत ४९.९९ डॉलर, मॉन्स्टर मॅन्युअलची तेवढीच. पुस्तकं इंग्रजीत आहेत. भाषा सोपी आहे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही अडचण येत नाही. एका टेबलाला एक प्रत पुरते. पण आधी पैसे घालू नका. २०२५ च्या एप्रिलपासून नियमांचा मोफत गाभा, एसआरडी ५.२, क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्याखाली उपलब्ध आहे आणि एक्सपी बजेटचा हाच तक्ता त्यात आहे, राक्षसही भरपूर आहेत. त्यावर तीन-चार फाईट्स बसवा, दरवेळी भागाकाराचे दोन आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहा आणि फाईट खरंच किती राउंड चालली ते शेजारी. पार्टीचा आकडा राक्षसांच्या दुप्पट असेल तर निवांत, दीडपट असेल तर चुरशीची, बरोबरीचा असेल तर राक्षस कमी करा. मग पैसे असतील तर मॉन्स्टर मॅन्युअल आधी घ्या. फाईट बसवायला तेच रोज उघडावं लागतं. गाईड त्यानंतर, आणि २०१४ चं जुनं गाईड कुणाच्या कपाटात पडून असेल तर तिसऱ्या प्रकरणातल्या दिवसभराच्या एक्सपीच्या तक्त्याचा फोटो काढून नव्या पुस्तकात ठेवून द्या.